केडगावची सतरा माणसे अलिबागच्या समुद्रावर

आपल्यापैकी बहुतेकांनी समुद्र पाहिला आहे, तो सहा डिसेंबरला. रात्रभराच्या गाडीने दादरला उतरायचे, रांगेत उभे राहायचे, पाच-सहा तासांनी चैत्यभूमीवर माथा टेकवायचा आणि बाहेर पडताना उजवी-डावीकडे जे निळे-करडे पाणी दिसते तेवढाच आपला समुद्र. हातात पुस्तकांची पिशवी, एका हाताने मूल धरलेले, परतीच्या गाडीची घाई. त्या दिवशी समुद्राकडे पाहायला मनही नसते आणि वेळही नसतो.

माझी आई शहात्तर वर्षांची आहे. सव्वीस वेळा ती सहा डिसेंबरला दादरला गेली. गेल्या वर्षी परतताना गाडीत ती सहज म्हणाली, "इतक्यांदा गेले, पर त्या पाण्यात पाय काय कधी बुडला न्हाई माझा." ती तक्रार करीत नव्हती. तरीही ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्यातून ही सहल निघाली. आपल्यासारख्या इतर घरांनाही उपयोग व्हावा म्हणून तिची हकीकत येथे लिहीत आहे.

पैसे कसे जमवले

आमचे केडगाव दौंड तालुक्यात, पुणे-दौंड लोहमार्गावर. चारी बाजूला ऊस आणि गुऱ्हाळे. समुद्र येथून लांब. याच गावात ज्यांनी पुढे मुक्ती मिशन उभे केले त्या पंडिता रमाबाई १८८३ साली बोटीने इंग्लंडला गेल्या होत्या. लहान लेक बरोबर घेऊन एक बाई त्या काळी समुद्र ओलांडून गेली. आणि आम्हाला अलिबागला जायचे तर "एवढा खर्च कशाला" हा प्रश्न पहिला आला.

चार घरे एकत्र आली. दोघे कारखान्यात, एक गवंडी, एक मी कारकून. दर घराने महिना पाचशे रुपये बाजूला ठेवायचे, बारा महिने. वही माझ्याकडे. लग्न, आजारपण आणि शाळेची फी सोडून आपण कशासाठीही पैसे साठवत नाही. सहलीसाठी पैसा साठवणे म्हणजे चैन, असे आपल्या मनात घट्ट बसले आहे. दोन महिने एका घराचा हप्ता चुकला, तो त्यांनी पुढे भरला. वर्षाला चोवीस हजार जमले. माणसे सतरा : अकरा मोठी, सहा मुले.

जागा निवडताना मुलांनी गोवा म्हटले. वेळ आणि पैसा दोन्ही पाहता अलिबाग ठरले. मराठी माणसाला "अलिबागहून आलास का?" ही थट्टा पाठ असते, म्हणजे भोळा आहेस का. २०१९ साली अलिबागच्या एका रहिवाशाने या थट्टेला बंदी घालावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात अर्ज केला होता, न्यायालयाने तो फेटाळला. आमच्या मुलांनी मात्र ठरवले, परत आल्यावर कोणी विचारले तर छातीठोक सांगायचे, "होय, अलिबागहूनच आलो."

वाट

माघ पौर्णिमेची वंदना झाली आणि तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही निघालो. पहाटेची शटल पकडली. खुटबाव, यवत, उरुळी, लोणी, मांजरी, हडपसर करीत गाडी पुण्याला आली. तेथून स्वारगेटला आणि स्वारगेटहून अलिबागची एसटी.

एसटीच्या सवलती आपल्या घरांना माहीत असायला हव्यात. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तर वर्षांपुढच्यांना राज्यात मोफत प्रवास मिळाला, मार्च २०२३ मध्ये सर्व महिलांना अर्धे तिकीट झाले. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट आधीपासून आहेच. कंडक्टरने आईचे आधार कार्ड पाहिले आणि शून्य रुपयाचे तिकीट तिच्या हातात दिले. ते तिने घडी करून बटव्यात ठेवले, आजही तेथेच आहे.

लोणावळा, खंडाळ्याचा घाट, खाली खोपोली, मग पेण. पेणपासून जमिनीचा रंग बदलतो. आपल्याकडची काळी जमीन संपते, भातखाचरे लागतात, खारे पाणी भरलेल्या खाड्या दिसतात. वडखळला रस्ता फुटतो : डावीकडे गोवा, उजवीकडे पोयनाड, कार्लेखिंड, अलिबाग. घाटात दोन मुलांना उलट्या झाल्या. लिंबू आणि आवळासुपारी बरोबर असावी.

याच अलिबाग तालुक्यात चरी नावाचे गाव आहे. तेथील कुळांनी खोतांच्या विरोधात १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे शेते पडीक ठेवून संप केला. नारायण नागू पाटील यांनी तो चालवला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणच्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. खिडकीतून दिसणारी ती भातखाचरे मुलांना दाखवून मी हे सांगितले. मोठ्या मुलाने विचारले, "सहा वर्षं ते खाल्लं काय?" त्याला उत्तर देता देता मलाही नवे वाचावे लागेल असे वाटले.

आडनाव

राहायला आम्ही एका घरगुती निवासात दोन मोठ्या खोल्या घेतल्या. फोनवर बोलणे झाले होते. दारात पोहोचल्यावर मालकाने विचारले, "आडनाव काय म्हणालात?"

हा प्रश्न आला की आपल्या पोटात काय होते, ते मी तुम्हाला सांगायला नको. मी आडनाव सांगितले. माझ्या मागे बायको पिशव्या खाली ठेवायची थांबली. मालकाने वही ओढली, आडनाव लिहिले, आधारचा क्रमांक लिहिला आणि म्हणाला, "चहा किती सांगू, सतरा?" नोंदवहीत लिहायचे होते, एवढेच. रात्री बायको म्हणाली, "आपण उगाच घाबरलो." उगाच नाही. असे अनुभव आपण घेतले आहेत म्हणून घाबरतो. पण त्या भीतीने आपण घरीच बसलो, तर भला माणूसही आपल्याला भेटणार नाही.

पाणी मध्ये आले

अडीच वाजता किनाऱ्यावर गेलो. समोर पाण्यात किल्ला. मुले ओरडत पुढे पळाली, कारण सगळ्यांनी ऐकले होते की अलिबागच्या किल्ल्यावर चालत जाता येते. पण किनारा आणि किल्ला यांच्या मध्ये भरपूर पाणी, लाटा उसळत होत्या. चालत जायचे कोठून? मुलांची तोंडे उतरली.

शेजारी एक कोळीण मावशी सुके बोंबील घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "आज तिथी कुठली, दादा?" मी म्हणालो, तृतीया. "मग आता भरती. तिथीची पाऊणपट करा. उद्या चौथ, उद्या सकाळी नऊला जा."

मी बी. कॉम. झालेला माणूस, पण हे गणित मला ठाऊक नव्हते. ते असे आहे. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता साधारण पूर्ण भरती. तृतीया म्हणजे तीन गुणिले पाऊण, सव्वादोन. सव्वादोनला भरती, म्हणून अडीचला पाणी चढलेले. चतुर्थी म्हणजे तीन. पहाटे तीनला भरती, त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे सव्वानऊच्या सुमारास ओहोटी. भरती दिवसातून दोनदा येते आणि रोज पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते, कारण चंद्र रोज तितका उशिरा उगवतो.

आणखी एक गोष्ट मावशींनी सांगितली. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एकत्र होते. तेव्हा उधाण असते : पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते : पाणी कमी चढते आणि कमीच उतरते. म्हणून किल्ल्यावर कोरड्या पायांनी जायचे तर पौर्णिमा-अमावास्येनंतरचे चार दिवस चांगले. आपल्या घरी पौर्णिमा पाळतात, तेव्हा हे गणित लक्षात ठेवायला आपल्याला सोपे आहे. मात्र हा अंदाज झाला. नक्की वेळ किनाऱ्यावर विचारूनच पाण्यात पाऊल टाकावे.

मावशींकडून अर्धा किलो बोंबील घेतले. ज्ञानाचे पैसे त्यांनी मागितले नाहीत.

आईचे पाय

त्या दिवशी किल्ला नाही म्हणून आम्ही किनाऱ्यावरच बसलो. आईने चपला काढल्या, लुगडे घोट्याच्या वर धरले आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. पहिली लाट पायाखालची वाळू ओढून घेऊन गेली तशी ती दचकली आणि माझा हात घट्ट धरला. मग हसली. अर्धा तास ती तेथून हलली नाही.

नंतर वाळूवर बसून म्हणाली, "आजवर लांबूनच बघितला ह्याला. तिथं बाबासायबांची आठवण येती, डोळं भरत्यात, पाणी दिसतच न्हाई." १९५६ च्या सात डिसेंबरला बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले ते दादरच्या चौपाटीवर. तेव्हा आई लहान होती. तिचे वडील गेले होते, तिला नेले नव्हते. हे तिने मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले. घरी स्वयंपाक, गुरे, नातवंडे यांच्या गडबडीत अशा गोष्टी निघत नाहीत. नुसते बसायला मिळाले तेव्हा निघाली.

कुलाबा हे नाव

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गेलो तर काल जेथे लाटा होत्या तेथे ओली, घट्ट वाळू. मुलांचा विश्वास बसेना. मध्ये काही ठिकाणी खडक, शेवाळ आणि घोट्याएवढे पाणी. घोडागाडीही मिळते, आम्ही चालत गेलो. अर्ध्या तासात किल्ल्याच्या दारात.

किल्ल्याचे नाव कुलाबा. ते वाचताना मला एकदम आठवले. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला तो ज्या परिषदेतून, तिचे नाव आपण भाषणात शंभर वेळा ऐकले आहे : कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. तो कुलाबा जिल्हा म्हणजे हाच. जिल्ह्याला नाव या पाण्यातल्या किल्ल्यावरून पडले, मुख्य ठाणे अलिबाग आणि महाड त्याच जिल्ह्यातले. १९८१ साली जिल्ह्याचे नाव बदलून रायगड झाले, म्हणून आपल्या मुलांना हा संबंध कळत नाही. मलाही कळला नव्हता.

किल्ल्याच्या दारात मी मुलांना एवढेच सांगितले की ज्या जिल्ह्यात एवढे पाणी आहे, त्याच जिल्ह्यात तळ्यातले ओंजळभर पाणी प्यायला माणसांना मार खावा लागला, आणि त्या तळ्याचा खटला उच्च न्यायालयात जाऊन १९३७ साली आपल्या बाजूने निकाल लागला. जास्त भाषण केले नाही. मुलांना तोफा पाहायच्या होत्या.

किल्ल्यात

या किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांनी १६८० साली सुरू केले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पूर्ण झाले. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मोठे ठिकाण. कान्होजी १७२९ साली वारले, त्यांची समाधी अलिबाग शहरात आहे. इंग्रज, पोर्तुगीज, सिद्दी या सगळ्यांना त्यांनी समुद्रावर रोखून धरले.

आमच्यातल्या गवंडी भावाने मात्र वेगळेच पाहिले. तटाचे मोठमोठे दगड एकावर एक नुसते रचलेले आहेत, सांध्यात चुना नाही. तो हाताने सांधे चाचपत म्हणाला, "लाट आपटली की पाणी फटीतून आत जातंय, जोर मरतोय. चुना भरला असता तर भिंत कवाच पडली असती." आम्ही शिकलेले लोक पाटी वाचत होतो. त्या भिंतीचे गणित त्याने सांगितले. आरमाराचा इतिहास लिहिताना राजांची आणि सरदारांची नावे येतात. हे दगड कोणी उचलले, कोणी बसवले, त्यांची नावे कोठेच नाहीत.

आत गोड्या पाण्याची विहीर आहे, भोवती सगळा समुद्र खारा असताना. तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन इंग्रजी बनावटीच्या तोफा आहेत. गणपतीचे देऊळ आहे. आत कोळ्यांची थोडी घरेही आहेत.

येथे एक चूक झाली आणि ती माझीच. मी वहीत टिपणे काढीत बसलो. साडेदहा होऊन गेले. "पाणी भरायला लागलं, निघा," असे कोणीतरी ओरडले तेव्हा शुद्धीवर आलो. परत येताना मधल्या खोलगट भागात पाणी गुडघ्याला लागले. पाणी वाढताना लाट दिसत नाही, ते गुपचूप चढते. दोन लहान मुले खांद्यावर घेतली, आईला दोघांनी मध्ये धरले. दहा मिनिटांचा प्रश्न होता, पण त्या दहा मिनिटांत कोणी बोलले नाही. वाळूवर आल्यावर बायको माझ्या वहीकडे पाहून म्हणाली, "ह्यात हे पण लिहा." म्हणून लिहिले.

अलिबागच्या आसपास

शहरात एक वेधशाळा आहे, पृथ्वीच्या चुंबकशक्तीची मोजणी करणारी. ही मोजणी पूर्वी मुंबईत कुलाब्याला होत असे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, विजेने मोजणी बिघडणार, म्हणून १९०४ च्या सुमारास ती अलिबागला हलवली. इमारतीत लोखंड वापरलेले नाही. आत जायला परवानगी लागते, आम्ही बाहेरूनच पाहिली. पण दहावीतल्या मुलीने होकायंत्र कसे चालते ते लहान मुलांना तेथेच रस्त्यावर समजावून सांगितले, तेवढ्यात आमचे काम झाले.

दुपारी रिक्षांनी अक्षी, नागाव आणि पुढे चौल-रेवदंडा. अक्षी गावात मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक सापडला. तो शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा समजला जातो. चौल हे दोन हजार वर्षांपूर्वीचे बंदर. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत, त्यांत चेमुल गावचे लोक आहेत. चेमुल म्हणजे हेच चौल. भिक्खूंसाठी लेणी कोरायला आणि पाण्याची टाकी खोदायला ज्यांनी पैसे दिले, त्यांत या बंदरातले व्यापारी होते. आज येथे नारळी-पोफळीच्या बागा आहेत आणि बंदर गाळाने भरले आहे. रेवदंड्याला पोर्तुगीजांच्या किल्ल्याचे पडके तट उभे आहेत, आणि समोर कोरलई गावात लोक आजही पोर्तुगीज मिसळलेली बोली बोलतात.

जेवण घरगुती खानावळीत. भीमेतली चिलापी खाणाऱ्या आम्हाला समुद्राची मांदेली आणि तांदळाची भाकरी फार आवडली. सुरमई-पापलेट महाग, त्याच्या मागे लागू नये. रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा लटकत होत्या. अलिबागच्या या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तो चवीला गोडसर असतो. आपल्याकडे कांदा पोत्याने विकतात आणि भाव पडला की रस्त्यावर ओततात. येथे तोच कांदा वेणीसारखा गुंफून, नाव देऊन विकतात. आईने दोन माळा घेतल्या आणि दर विचारून मला म्हणाली, "आपल्या लोकांनी बी असं कायतरी करायला पायजे."

किनारा कोणाचा

अलिबागपासून मांडव्यापर्यंत किनाऱ्याच्या बाजूने श्रीमंतांचे बंगले आहेत. उंच भिंती, लोखंडी फाटके, आत हिरवळ. मुलांनी विचारले, "ह्यांच्या मागचा समुद्र ह्यांचाच का?"

नाही. भरती-ओहोटीच्या मधली वाळू सरकारची, म्हणजे सगळ्यांची असते. किनाऱ्याला लागून काय बांधावे आणि काय बांधू नये याचे नियम केंद्र सरकारने १९९१ साली केले, पुढे ते बदलतही गेले. अडचण वाळूची नसते, वाळूपर्यंत जाणाऱ्या वाटेची असते. जगात इतरत्रही हेच आहे. मेक्सिको देशात कानकुन नावाचे समुद्रकाठचे शहर आहे. १९७० च्या दशकात तेथील सरकारने ते पर्यटनासाठी मुद्दाम वसवले. आधी तेथे वाळूची पट्टी आणि मोजकी कोळीवस्ती होती, आज किनाऱ्याला हॉटेलांची रांग आहे. त्या देशातही किनारा कायद्याने राष्ट्राचा. पण हॉटेलांच्या मधून सामान्य माणसाने पाण्यापर्यंत जायचे कसे हा प्रश्न पडला, तेव्हा २०२० साली कायद्यात दुरुस्ती करून वाट अडवणाऱ्यांना दंड ठेवावा लागला.

आपल्याकडे वाट आहे. अलिबाग, वरसोली, नागाव येथे कोणीही जाऊन बसू शकतो. पण ज्या वाटेवरून माणसे जात नाहीत ती वाट हळूहळू बुजते. म्हणूनही आपण जायला हवे.

लाँच आणि दादर

रविवारी सकाळी मांडव्याहून लाँचने गेट वे ऑफ इंडियाला आलो. अलिबागहून मांडव्याला नेणारी बस लाँचच्या तिकिटातच असते. तासाभराचा प्रवास. पाण्यावर गेल्यावर गवंडी भाऊ, जो तटावर सर्वांत पुढे होता, तो बाक धरून डोळे मिटून बसला. आई मात्र कठड्याशी.

मुंबईत उतरल्यावर गाडीने दादर. त्या दिवशी चैत्यभूमीवर गर्दी नव्हती. रांग न लावता वंदना झाली. आई बाबांच्या अस्थिकलशासमोर बराच वेळ बसली. मग बाहेर येऊन चौपाटीच्या वाळूवर बसली, चपला काढल्या आणि पाण्याकडे गेली. मला हाक मारली नाही. मी मागेच थांबलो.

रात्रीच्या गाडीने पुणे, पहाटेच्या शटलने केडगाव. सोमवारी मी वेळेवर कार्यालयात होतो. वहीचा हिशेब चौघांसमोर मांडला, चारशे वीस रुपये शिल्लक राहिले. ते पुढच्या वर्षाच्या खात्यात जमा केले.

जाणाऱ्यांसाठी थोडे

पावसाळ्यात जाऊ नये. जून ते ऑगस्ट गेट वे ते मांडवा लाँच बंद असतात. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोठी रो-रो बोट सुरू झाली आहे, तीत गाड्याही जातात.

सर्व मोठ्यांची आधार कार्डे आणि मुलांच्या वयाचा दाखला जवळ ठेवावा. शनिवार-रविवारी खोल्यांचे दर चढतात, जमल्यास आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे.

मुलांना गुडघ्यापलीकडे पाण्यात सोडू नये. ओहोटीचे पाणी माणसाला आत ओढते. अलिबाग, काशीदच्या किनाऱ्यांवर तरुण पोरे बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. दारू पिऊन पाण्यात उतरणाऱ्या मित्रांच्या नादी आपल्या मुलांनी लागू नये हे त्यांना घरूनच सांगून निघावे.

किल्ल्यात घड्याळ पाहत राहावे आणि ज्याला लिहिण्याची सवय आहे त्याने वही खोलीवर ठेवावी.

दर घरटी महिना पाचशे जमत नसतील तर तीनशे ठेवा, दोन वर्षे लागतील. समुद्र तेथेच आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे मात्र तसे नसते. त्यांना आधी न्या.

पुढच्या खेपेला कोठे जायचे याची चर्चा सुरू झाली आहे. मुले गोवा म्हणतात. आई म्हणते, "आधी महाड. मग कुठं बी."